बाळाची हालचाल आणि वारेची काळजी

‘वार पडली का?’ बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसलेल्या आजीच्या तोंडून, बाळाचा पहिला आवाज ऐकल्यानंतर लगेच येणारा हा प्रश्न. वार पूर्ण पडल्याचे कळेपर्यंत जुन्या बायकांचा जीव थाऱ्यावर येत नसे, आणि ते योग्यच होते. मात्र त्याआधीचे नऊ महिने या वारेची विचारपूस फारशी कोणी करत नाही. बाळाचे वजन किती, पाणी किती, डोके खाली आहे का, हे सगळे विचारले जाते. ज्या वारेवर हे सारे अवलंबून असते ती मात्र मागेच राहते. म्हणून या आठवड्यात आपण वारेविषयी माहिती घेऊ.

काही वर्षांपूर्वी घाटकोपरची एक पहिलटकरीण माझ्या मुलुंडच्या दवाखान्यात तपासणीला येत असे. पस्तिसाव्या आठवड्यात मी तिचे पोट मोजले तेव्हा उंची थोडी कमी भरली. रक्तदाब ठीक होता. ‘पुढच्या खेपेस पुन्हा पाहू, हालचालीवर लक्ष ठेव,’ असे सांगून मी तिला घरी पाठवले. पुढच्या शनिवारी तिला बाळाची हालचाल कमी वाटली. शेजारणी म्हणाल्या, ‘बाळ आता मोठे झाले, त्याला जागा पुरत नाही, म्हणून हलत नाही.’ रविवारी दवाखाना बंद असेल असे समजून ती थांबली. सोमवारी ती आली तेव्हा बाळाचे ठोके थांबलेले होते. प्रसूतीनंतर पाहिले तर वार लहान होती आणि तिचा बराच भाग पूर्वीच निकामी झालेला होता.

या घटनेत दोन चुका झाल्या आणि पहिली माझी होती. पोटाची उंची कमी भरली त्याच वेळी सोनोग्राफी करून घ्यायला हवी होती. ‘लक्ष ठेव’ म्हणताना, हालचाल कमी झाली तर रात्र असो वा रविवार, कोठे आणि किती वेळात जायचे, हेही मी सांगायला हवे होते. दुसरी चूक त्या गैरसमजाची, जो आजही घरोघरी ऐकू येतो. हा लेख मुख्यतः त्या दोन दिवसांविषयी आहे.

वार म्हणजे काय?

गर्भधारणेनंतर साधारण सहा-सात दिवसांनी गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो. तेथेच वारेची सुरुवात होते. बाराव्या आठवड्याच्या सुमारास ती पूर्ण क्षमतेने काम करू लागते. दिवस भरताना तिचे वजन सुमारे अर्धा किलो आणि रुंदी २० ते २२ सेंटीमीटर, म्हणजे जेवणाच्या लहान ताटाएवढी असते. तिची एक बाजू गर्भाशयाला चिकटलेली असते आणि दुसऱ्या बाजूने निघालेली नाळ बाळाच्या बेंबीला जोडलेली असते.

आईचे रक्त थेट बाळाच्या अंगात जाते, असा अनेकांचा समज आहे. तसे नाही. वारेत झाडाच्या मुळांसारखे असंख्य बारीक तंतू असतात. त्यांच्या आत बाळाचे रक्त वाहते आणि बाहेरून आईचे रक्त त्यांना धुऊन जाते. मधल्या पातळ पडद्यातून प्राणवायू, साखर, प्रथिनांचे घटक, लोह आणि कॅल्शियम बाळाकडे जातात व बाळाची घाण आईच्या रक्तात येते. शेवटच्या महिन्यात दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त आईकडून गर्भाशयाकडे वाहते. बाळाची फुप्फुसे, आतडी आणि मूत्रपिंडे या तिघांचे काम ही एकटी वार करते.

शिवाय ती संप्रेरकेही तयार करते. त्यांतील काहींमुळे आईच्या शरीरात इन्शुलिनचा प्रभाव कमी होतो. म्हणूनच पूर्वी मधुमेह नसलेल्या स्त्रीलाही गरोदरपणी साखर वाढू शकते. यासाठी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात. ही तपासणी टाळू नये.

वारेच्या तीन तक्रारी

पहिली तक्रार, वार कमी पडणे. आईच्या ज्या रक्तवाहिन्या वारेला रक्त पुरवतात त्या सुरुवातीच्या महिन्यांत पुरेशा रुंदावल्या नाहीत, तर पुढे बाळाला पोषण अपुरे पडते. बाळाची वाढ मंदावते, पाणी कमी होते आणि अनेकदा आईचा रक्तदाबही वाढतो. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला तर तो किरकोळ समजू नये. डोके सतत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, छातीच्या खाली पोटात दुखणे, चेहरा व हात अचानक सुजणे ही धोक्याची लक्षणे आहेत.

दुसरी तक्रार, वार खाली असणे. वार गर्भाशयाच्या तोंडाजवळ किंवा तोंडावरच असेल, तर शेवटच्या महिन्यांत अचानक लालभडक रक्त जाऊ शकते. पोटात काहीही दुखत नाही, म्हणून बायका हा रक्तस्राव अंगावर काढतात. तो घातक ठरू शकतो. अशा वेळी वार कोठे आहे हे सोनोग्राफीने कळेपर्यंत आतून बोटाने तपासणी करू देऊ नये, कारण तिने रक्तस्राव भडकू शकतो.

तिसरी तक्रार, वार वेळेआधी सुटणे. यात पोट दगडासारखे घट्ट होते, सतत दुखते आणि रक्त जाते. कधी रक्त आतच साठते, त्यामुळे बाहेर थोडेच दिसते. वाढलेला रक्तदाब, पोटाला बसलेला मार आणि तंबाखू ही याची काही कारणे. उपनगरातील लोकलच्या गर्दीत पोटाला जोराचा धक्का बसला किंवा पाय घसरून पडले, तर दुखत नसले तरी त्याच दिवशी तपासून घ्यावे. मुंबईच्या लोकलमध्ये गर्भवती स्त्रियांना दिव्यांगांसाठी असलेल्या डब्यातून प्रवास करता येतो. ज्यांना नोकरीसाठी रोज गाडी गाठावी लागते त्यांनी संकोच न करता या सवलतीचा उपयोग करावा. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर मार लागल्यावर किंवा रक्त गेल्यावर अँटी-डी इंजेक्शनची गरज पडू शकते, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

सोनोग्राफीचा कागद कसा वाचावा?

पाचव्या महिन्यातील, म्हणजे १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत वारेची जागा लिहिलेली असते. त्या कागदावरील शब्दांनी पुष्कळजणी घाबरतात. ‘अँटेरियर’ म्हणजे वार पुढच्या भिंतीवर आणि ‘पोस्टेरियर’ म्हणजे मागच्या भिंतीवर. दोन्ही जागा योग्यच आहेत. वार पुढे असेल तर बाळाच्या लाथा सुरुवातीला थोड्या उशिरा आणि मंद जाणवतात, एवढाच फरक.

‘लो लाइंग’ म्हणजे वारेची कड गर्भाशयाच्या तोंडापासून दोन सेंटीमीटरच्या आत. हा शब्द वाचून महिनाभर खाटेवर पडून राहण्याचे कारण नाही. गर्भाशय वाढते तशी वारेची जागाही वर सरकते आणि पाचव्या महिन्यात खाली दिसलेल्या दहापैकी सुमारे नऊ जणींची वार दिवस भरेपर्यंत वर गेलेली असते. मात्र ती गेली की नाही हे बत्तिसाव्या आठवड्यात पुन्हा सोनोग्राफी करून पाहिलेच पाहिजे. तेव्हाही खाली असेल तर छत्तिसाव्या आठवड्यात आणखी एकदा पाहावे.

ज्यांचे पूर्वी सिझेरियन झाले आहे आणि या खेपेस वार खाली, पुढच्या बाजूला आहे, त्यांनी विशेष सावध राहावे. जुन्या टाक्यांच्या जागी वार गर्भाशयाच्या स्नायूत खोल रुतून बसू शकते. मग ती प्रसूतीनंतर सुटत नाही आणि रक्तस्राव आवरणे अवघड होते. सिझेरियन जितकी अधिक, तितका हा धोका मोठा. अशा स्त्रीचे बाळंतपण रक्तपेढी, भूलतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियेची पूर्ण सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयातच व्हावे. उपनगरात राहणाऱ्यांना विलेपार्ल्याचे कूपर, घाटकोपरचे राजावाडी किंवा शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय अशी पालिकेची रुग्णालये आहेत. तेथे आधीच नाव नोंदवून ठेवावे.

आणखी एक गोष्ट. ‘वार उजवीकडे म्हणजे मुलगा’ असे काहीजण छातीठोकपणे सांगतात. वारेच्या जागेचा आणि मुलगा-मुलगी यांचा काडीचाही संबंध नाही. गर्भलिंग विचारणे आणि सांगणे हे दोन्ही कायद्याने गुन्हे आहेत. याविषयी देशात पहिला कायदा आपल्या महाराष्ट्रानेच १९८८ साली केला आणि केंद्राचा कायदा १९९४ साली आला. सोनोग्राफीतून आपल्याला हवी असते ती वारेची, पाण्याची आणि वाढीची खबर.

लक्ष ठेवण्याची साधी साधने

वारेचे काम नीट चालले आहे की नाही हे ओळखण्यासाठी दर वेळी महागडी यंत्रे लागत नाहीत. पहिले साधन म्हणजे मोजपट्टी. चोवीस आठवड्यांनंतर पोटाची उंची सेंटीमीटरमध्ये मोजली, तर ती आठवड्यांच्या आकड्याच्या जवळपास भरते. तीस आठवड्यांना साधारण तीस. दोन-तीन सेंटीमीटरहून अधिक कमी भरली किंवा दोन भेटींत वाढलीच नाही, तर सोनोग्राफीने वाढ पाहावी. आरोग्य केंद्रातील परिचारिकाही हे माप घेऊ शकते. दुसरे साधन रक्तदाबाचे यंत्र. प्रत्येक भेटीत रक्तदाब आणि लघवीतील प्रथिने पाहिली गेली का, हे आपण स्वतः विचारावे.

बाळाची वाढ कमी दिसली तर डॉप्लर तपासणीने नाळेतील रक्तप्रवाह पाहतात. बाळाला आत ठेवावे की बाहेर काढावे, हा निर्णय तिच्या साहाय्याने घेता येतो. प्रत्येकीला तिची गरज नसते. एनएसटी म्हणजे पोटावर पट्टा बांधून वीसेक मिनिटे बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढणे. हा आलेख चांगला आला म्हणजे बाळ आज ठीक आहे. पुढच्या आठवड्याची हमी तो देत नाही. आलेख चांगला आल्यावर पुन्हा हालचाल मंदावली तर पुन्हा यावे. घरी ठोके ऐकण्याचे छोटे यंत्र आणून त्यावर विसंबणेही बरोबर नाही. ठोके ऐकू येतात म्हणून आई थांबते आणि वेळ निघून जातो.

तिसरे आणि सर्वांत जवळचे साधन म्हणजे आई स्वतः. पोषण कमी पडू लागले की बाळ आपली शक्ती वाचवते आणि हालचाल कमी करते. अठ्ठावीस आठवड्यांनंतर प्रत्येक बाळाची हालचालीची एक सवय तयार होते. कोणी जेवणानंतर हलते, कोणी रात्री. ती सवय ओळखून ठेवावी. कधी हालचाल कमी वाटली तर काहीतरी खाऊन डाव्या कुशीवर पडावे आणि दुसरे काही न करता दोन तास लक्ष द्यावे. दहा हालचाली जाणवल्या नाहीत, तर त्याच वेळी रुग्णालय गाठावे. आकडा पूर्ण झाला, तरी नेहमीपेक्षा वेगळे वाटून मन साशंक असेल, तर तेही जाण्यास पुरेसे कारण आहे.

‘दिवस भरत आले की बाळ हलायचे कमी होते,’ हे वाक्य घरातून कायमचे काढून टाकावे. शेवटच्या दिवसांत हालचालीची तऱ्हा बदलते, लाथेऐवजी वळवळ अधिक जाणवते. पण हालचाल कमी होत नाही. प्रसूतीच्या कळा सुरू होईपर्यंत बाळ हलतच असते. डॉक्टरांना रात्री त्रास कशाला, असा विचार करू नये. दहा वेळा येऊन सारे ठीक निघाले तरी चालेल. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर झोपतानाही पाठीवर न झोपता कुशीवर झोपावे. त्यामुळे गर्भाशयाचा रक्तपुरवठा चांगला राहतो.

मुंबईतील दोन अभ्यास

वारेची जपणूक दिवस राहण्यापूर्वीच सुरू होते. याविषयी मुंबईतच झालेले दोन अभ्यास वाचकांनी जाणून घ्यावेत.

डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील १,२१७ गर्भवती स्त्रियांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी होती आणि सुमारे सहा दिवस लवकर जन्मली होती. यांतील बहुतेक स्त्रिया मिश्री लावणाऱ्या होत्या. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या निष्कर्षांत, अशा स्त्रियांमध्ये मृत बाळ जन्मण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक आढळले. आपल्याकडे कित्येक घरांत मिश्री हे दात घासण्याचे साधन समजले जाते. ती तंबाखूच आहे, आणि निकोटिन वार ओलांडून बाळापर्यंत जाते.

दुसरा अभ्यास मुंबईच्या झोपडवस्त्यांतील स्त्रियांचा. २००६ साली सुरू झालेल्या या प्रकल्पात डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी ६,५१३ स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाला रोज पालेभाजी, फळे आणि दूध यांपासून केलेला नाश्ता दिला, दुसऱ्याला बटाटा-कांद्यासारख्या पदार्थांचा. गरोदरपणाआधीपासून नाश्ता सुरू झाला होता. २०१४ मध्ये निष्कर्ष आले. सर्वांचा एकत्र विचार करता बाळाच्या वजनात ठळक फरक दिसला नाही. पण दिवस राहण्यापूर्वी किमान तीन महिने पालेभाजीचा नाश्ता घेतलेल्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने भरली. शिवाय या गटात गरोदरपणीचा मधुमेह ७.३ टक्के, तर दुसऱ्या गटात १२.४ टक्के आढळला. वार पहिल्या आठवड्यांतच घडत असते. त्यामुळे पाचव्या महिन्यात डोहाळेजेवणापासून खाण्याकडे लक्ष देणे म्हणजे उशीरच. लग्न झालेल्या मुलीच्या ताटात माठ, पालक, शेवग्याचा पाला, एखादे पेरू-केळे आणि दूध आधीपासून असावे. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या मात्र आहाराने सुटत नाहीत. त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळेवर घ्याव्यात, आणि लोह व कॅल्शियम एकाच वेळी घेऊ नये.

माहेरी येताना

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीला दिलेल्या आपल्या कितीतरी लेकी सातव्या-आठव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी येतात. माहेरपणाला माझा विरोध नाही. पण लेकीबरोबर तिचे सर्व कागद आले पाहिजेत : माता-बाल संरक्षण कार्ड, सगळ्या सोनोग्राफी, रक्तगट, साखर आणि हिमोग्लोबिनचे अहवाल. वार खाली आहे किंवा नव्हती, हे निघण्यापूर्वी पक्के करून घ्यावे. बत्तिसाव्या आठवड्यातही वार तोंडाजवळ असेल, रक्त गेले असेल, रक्तदाब वाढलेला असेल किंवा बाळाची वाढ कमी असेल, तर रेल्वे-एसटीचा लांबचा प्रवास टाळून आईनेच लेकीकडे जावे, हे बरे.

माहेरी आल्यावर आठवड्याभरात तेथील डॉक्टरांकडे नाव घालावे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांवर प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गर्भवतींची मोफत तपासणी होते. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त आणि ने-आण जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे. रात्री सिझेरियन कोठे होते, रक्तपेढी कोठे आहे आणि गाडी कोणाची मिळेल, या तीन प्रश्नांची उत्तरे घरातील पुरुषांनी आधीच शोधून ठेवावीत.

बाळ जन्मल्यावर अर्ध्या तासात वार पडली पाहिजे आणि ती पूर्ण आहे का, हे पाहिले गेले पाहिजे. आजीचा तो जुना प्रश्न येथे अगदी योग्य आहे. बाळ दगावले असेल किंवा फार कमी वजनाचे असेल, तर वार तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे. पुढच्या खेपेस त्याचा उपयोग होतो.

त्या घाटकोपरच्या मुलीची वार आम्ही तपासली होती. दोन वर्षांनी तिला पुन्हा दिवस राहिले. या खेपेस बाराव्या आठवड्यानंतर लगेच अ‍ॅस्पिरिनची लहान गोळी रोज सुरू केली. ही गोळी मनाने घ्यायची नसते, पण योग्य स्त्रीला सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू केली तर वाढत्या रक्तदाबाचा धोका कमी होतो. वाढीसाठी वरचेवर सोनोग्राफी केली. छत्तिसावा आठवडा चालू असताना एका रात्री अकरा वाजता तिचा फोन आला, ‘बाई, आज नेहमीसारखे हलत नाही.’ मी म्हणाले, ‘लगेच निघ.’ आलेखात बाळाचे ठोके समाधानकारक नव्हते. त्याच रात्री सिझेरियन झाले. मुलगी झाली, दोन किलो शंभर ग्रॅमची, आणि लगेच रडली.

त्या रात्री दोन तासांत जे झाले ते पहिल्या वेळी दोन दिवसांत झाले नव्हते. वार आपल्याला दिसत नाही, पण ती अडचणीत असली की निरोप पाठवते. तो पोचवण्यास सोमवारची वाट पाहू नये.

लगेच रुग्णालयात जाण्याची लक्षणे : बाळाची हालचाल कमी होणे किंवा थांबणे, दुखो वा न दुखो, अंगावरून रक्त जाणे, पोट सतत घट्ट राहून दुखणे, पाणी जाणे, तीव्र डोकेदुखी किंवा अंधुक दिसणे, झटके येणे, पोटाला मार लागणे. हा तुकडा कापून घरातील कॅलेंडरजवळ लावून ठेवावा.